एकाच पीसीवर गेमचे चार क्लायंट चालवताना पीसी गोठतो, नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: आय५ १०४००, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० आणि गेम हार्ड डिस्कवर. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेमचे तीन क्लायंट, म्हणजे एकेका खात्यासाठी वेगळा उघडलेला गेम, कसेबसे चालतात, चौथा उघडला की माउससुद्धा जागचा हलत नाही. म्हणून दिवाळीच्या बोनसमधून कार्ड घ्यायचं मनात आहे.

घेऊ नका. निदान एवढ्यात तरी नको.

तुम्हीही ठाण्याचेच आहात, म्हणून सांगतो. घोडबंदर रोड कापूरबावडीला कितीही रुंद केला, तरी गायमुखच्या घाटात जे अडकायचं ते अडकतंच. तुमच्या पीसीचं गायमुख कुठे आहे, ते आधी शोधा. टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडून ठेवा आणि मग एकेक क्लायंट सुरू करत जा. माझा अंदाज असा, की चौथ्याला मेमरी, म्हणजे रॅम, काठोकाठ भरलेली दिसेल, डिस्क १०० टक्के आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, मात्र निवांत.

कारण साधं आहे. चार क्लायंट म्हणजे चार वेगळे प्रोग्राम. जहाजं, स्टेशनं, टेक्स्चर, सगळ्याची आपापली प्रत प्रत्येक जण मेमरीत घेऊन बसतो. माझ्याकडे एक क्लायंट दोन जीबीच्या आसपास खातो. चौघांचे झाले आठ. मग विंडोज, क्रोम आणि डिस्कॉर्ड कुठे बसणार? मेमरी संपली की विंडोज त्यातला काही भाग पेजफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा हार्ड डिस्कवर, नेऊन टाकतं आणि तुम्ही खिडकी बदललीत की तो परत आणायला धावतं. माउस अडकतो तो याच धावपळीत.

पैसे खर्च करायच्या आधी एक फुकटचं काम करा. मागच्या तीन खिडक्यांना सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हव्यात कशाला? ईव्हचा सर्व्हर हिशोब करतो सेकंदाला एकदा. मागे खाणकाम करणारं जहाज २० फ्रेममध्ये दिसलं काय नि ६० मध्ये काय, खनिज तेवढंच मिळणार. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’मध्ये ‘बॅकग्राउंड ॲप्लिकेशन मॅक्स फ्रेम रेट’ आहे, तो २० वर ठेवा आणि पुढच्या खिडकीसाठी ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६०. चार खिडक्यांचे सेकंदाला २४० फ्रेम होत होते, ते १२० वर येतात. निम्मं काम गेलं! शिवाय मागच्या क्लायंटांत सावल्या, अँटी-एलायझिंग (कडा गुळगुळीत दाखवणं) आणि आवाज बंद, शेडर आणि टेक्स्चर सगळ्यात खालच्या पातळीवर. मेमरीही थोडी सुटते.

मग रॅम. आहे तशीच ८ जीबीची दुसरी स्टिक घ्या. १६ जीबी तर होतीलच, पण दोन स्टिक जोडीने ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी, चालतात, हा वरचा फायदा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं, तिथे एक स्लॉट रिकामा आहे ना, ते आधी बघा. तुमच्या प्रोसेसरला डीडीआर४ प्रकारची रॅम लागते. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. ठाण्यात मिळेलच, पण मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरून भाव करतो. जुन्या स्टिकवरच्या स्टिकरचा फोटो सोबत असू द्या. पैसे उरले तर गेमसाठी एसएसडी. चारही क्लायंट एकदम लोड होताना फरक लगेच कळतो.

आता मी केलेले उद्योग, म्हणजे तुम्ही करणार नाही. कुठेतरी वाचून मी पेजफाइल पूर्ण बंद केली होती. पीसी पळाला खरा, पण ऐन लढाईत दोन क्लायंट धाडकन बंद पडले, कारण मेमरी संपल्यावर टेकायला जागाच उरली नव्हती. मग कुठला प्रोग्राम प्रोसेसरच्या कुठल्या कोअरवर चालेल ते ठरवणाऱ्या ‘सेट ॲफिनिटी’ने प्रत्येक क्लायंटला दोन-दोन कोअर वाटून दिले. एका भावाला उपाशी ठेवून दुसऱ्याचं ताट भरलेलं, असला प्रकार झाला. विंडोज ही वाटणी माझ्यापेक्षा बरी करतं. आणि ते ‘रॅम क्लीनर’ नावाचे प्रोग्राम घरात घेऊ नका. ते मेमरीतला माल उचलून पेजफाइलमध्ये ढकलतात, जो क्लायंटला पुढच्याच क्षणी परत लागतो.

कॅबिनेटची जाळी कधी झाडली होती? आमच्याकडे रस्त्याच्या कामांमुळे महिन्याभरात फिल्टरवर राखाडी गालिचा बसतो. मे महिन्यात तर प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो आणि दोष सॉफ्टवेअरला जातो.

नियमांचंही बघून ठेवा. फुकटचं अल्फा खातं दुसऱ्या कुठल्याही खात्याबरोबर एकाच वेळी चालवायला ईव्हमध्ये परवानगी नाही, चारही खाती पैसे भरलेली हवीत. आणि एक कळ दाबून ती चारही खिडक्यांत पाठवणारे प्रोग्राम तिथे २०१५ पासून बंद आहेत.

एवढं सगळं करूनही पीसी अडकला, तर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ बघा. तिथे ४ जीबी पूर्ण भरलेले दिसले, तर आकडा इथे टाका. मग कार्डाचं बोलू.