समीकरण आधी वाचायला शिक
आठवीत आहेस ना, मग रासायनिक समीकरणाच्या संतुलनाची, म्हणजे दोन्हीकडचे अणू सारखे करायची, घाई नको. आधी समीकरण मोठ्यानं वाच. आपल्या सांगलीत घराला पांढरी द्यायला कळीचा चुना पाण्यात टाकतात, भांडं तापतं, बघितलं असशील. कागदावर तेच: कॅल्शियम ऑक्साइड अधिक पाणी, बाण, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. बाण म्हणजे ‘यापासून तयार होतं’.

बहुतेक मुलं इथं चुकतात:
- सूत्रातला खालचा आकडा बदलतात. एचटूओचं एचटूओटू केलंस की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं! संतुलनाचा आकडा सूत्राच्या डावीकडेच लिहायचा.
- अणू मनातच मोजतात. गोल काढून मोज.

आज एवढंच काढ: हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १, उजवीकडे पाण्याचे २. दोन्हीकडे ६ अणू यायलाच हवेत. ऑक्सिडीकरण वगैरे सध्या राहू दे.