नाचातून जुळलेलं प्रेम टिकतं का?

तू विचारलंयस, "मी सतरा वर्षांची, धुळ्याची. डान्स ग्रुपमधला एक पावरा आदिवासी मुलगा मला आवडतो. घरचे म्हणतात नाचाचं वेड आहे, उतरेल. खरंच उतरतं का?"

माझं नाही उतरलं. मी शहाद्याची, पाटलांच्या घरातली. तो धडगावकडचा, पावरा. आता आमचा संसार आहे. "नाचीसन पोट भरस का?" हा आजीचा प्रश्न मीही ऐकलाय.

आमची ओळख ज्युनिअर कॉलेजच्या गॅदरिंगची. 'आदिवासी नृत्य' बसवणाऱ्या सरांनी मुलांना कमरेला पाला बांधून तोंडाला काळं फासायला सांगितलं. हा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "सर, आमच्याकडे असं कोणीच नाचत नाही." मग तोंडानेच ढोलाचा ठेका धरून त्याने पावलं करून दाखवली. गुडघे किंचित वाकलेले, पाय जमिनीला धरून, सगळी रांग एका झोकात. आम्ही मुली एकमेकींच्या कमरेत हात घालून ते शिकलो. तो मला आवडला तो त्या दुपारी.

होळी जवळ आली तसं त्याने सांगितलं, आता काही दिवस भेटायचं नाही, नवस आहे, मी बुध्या होणार. सातपुड्यात होळीला नवसाने बावा-बुध्या होऊन नाचणारे कडक पाळणी पाळतात: जमिनीवर झोपायचं, खाटेवर बसायचं नाही, बाईचा स्पर्श टाळायचा. कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर पांढरे ठिपके. यात हौसेचं काही नसतं.

घरी सांगून, त्याच्या बहिणीबरोबर मी त्यांच्या गावी होळीला गेले. रात्रभर ढोल वाजत होते आणि त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्याचं फार बरं वाटलं. जो नवस इतका मनापासून पाळतो, त्याच्या शब्दावर विसंबता येतं, असं मी ठरवून टाकलं. त्याच्या आईने हात धरून मला बायकांच्या रांगेत घेतलं आणि माझं पाऊल चुकलं की कोपराने हळूच ढोसायची.

म्हणून तुला सांगते, स्टेजवरची त्याची पावलं पाहिलीस, आता त्याच्या अंगणातली पाहा. आणि त्यालाही आपल्याकडचा कानबाई देवीचा उत्सव बघायला बोलव. मैत्रिणी एक सांगतील, भोंगऱ्या बाजारात मुलं-मुली पळून जाऊन लग्न करतात. त्यावर विश्वास ठेवू नकोस. तो होळीआधीचा बाजार आहे. लोक होळीचं सामान घ्यायला येतात, ढोल वाजवतात, नाचतात. असल्या अफवांनी ती माणसं दुखावतात.

पळून जायचा विचार तर मुळीच नको. तू अठराच्या आत आहेस. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठराखालच्या मुलीची संमती धरतच नाहीत. गुन्हा त्याच्यावर दाखल होईल आणि त्याचं शिक्षण, नोकरी सगळं जाईल. लग्नाचं वय तुझं १८, त्याचं २१. तेव्हाही दोघांचं मन असंच असलं, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे; तीस दिवसांची नोटीस द्यायची आणि नोंदणी करायची. आम्ही तसंच केलं. तोवर दोघं शिका, एकत्र नाचा, आणि आईला त्याचं नाव तुझ्याच तोंडून कळू दे.