पन्नास वेळा लिहून 'प्रार्थना' येत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, माझा मुलगा पाचवीत आहे, तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत. बोलायला एकदम हुशार, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो, पण लिहायला बसला की रडारड. फळ्यावरचं कधीच पूर्ण उतरवून आणत नाही. बाई म्हणतात आळशी आहे, तुम्हीच लाडावून ठेवलाय. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहून आणायला लावतात, नाही आणला तर वर्गाबाहेर उभं करतात, आणि मागच्या आठवड्यात हातावर पट्टीने मारलं. मिस्टर शाळेत जाऊन हेडसरांसमोर बाईंना वाट्टेल ते बोलून आले, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही सगळं टाकलं. तेव्हापासून बाई त्याच्याशी बोलतच नाहीत, वहीवर नुसती सही करून परत देतात. त्यात पाचवीला आता नापास करतात म्हणे. शाळा बदलू का?
- एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : आधी पट्टीचं बोलते, कारण त्यात दुमत नाहीच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मुलांना मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही, म्हणजे चारचौघांत ढ म्हणणं, रोज वर्गाबाहेर उभं करणं हेही चालत नाही. मूल कितीही आळशी असो, नसो. तेव्हा तारखेनिशी एक साधा अर्ज मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. शाळा अनुदानित आहे म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती असणारच, तिच्यात कायद्याने पाऊण सदस्य पालक असावे लागतात, त्यांच्याकडे अर्जाची एक प्रत द्या. आणि ग्रुपवरचा मेसेज मिस्टरांना डिलीट करायला सांगा, जमलं तर ॲडमिनला सांगून करा. बाईंचं काय व्हायचं ते होईल, पण त्या मेसेजमुळे तुमच्या मुलाला लिहिता येत नाही हे चाळीस घरांत कळलं आणि त्या घरातली मुलं त्याच्याच वर्गात बसतात.

आता खरं काम. तुमच्या पूर्ण भांडणात त्याची वही कुणी उघडून बघितली आहे असं पत्रावरून वाटत नाही. आज रात्री तो झोपला की बघा. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते का? काना-मात्रा गळतात का? एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिलाय का? माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्यांमध्ये हे पानोपानी दिसतं. 'प्रार्थना' हाच शब्द घ्या, एकाच शब्दात दोन र, एक प च्या पोटात तिरका आणि दुसरा थ च्या डोक्यावर, बरं हा वरचा र बोलताना थ च्या आधी येतो आणि लिहिताना थ काढून झाल्यावर. ज्याला आवाज आणि अक्षर यांची सांगड पटकन बसत नाही तो 'प्राथर्ना' लिहिणार, नाहीतर सरळ 'पाथना'. आणि त्याला पन्नास वेळा लिहायला लावलं तर तो काय करतो माहितीये? आधी पानभर खाली खाली नुसता 'प्रा' काढतो, मग 'र्थ' ची रांग, मग 'ना' ची. शब्द एकदाही डोक्यातून जात नाही, हात तेवढा दुखतो. चूक असलेला शब्द असेल तर तीच चूक पन्नास वेळा पक्की होते.

याला डिस्लेक्सियाच (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं) म्हणायचं का, ते पत्र वाचून मी सांगणार नाही, कुणीच सांगू नये. आधी डोळे आणि कान तपासा, फळा नीट दिसत नसल्याने उतरवून न घेणारी मुलंही भरपूर असतात. ते ठीक असेल तर बुद्ध्यांकाची आणि वाचन-लेखन-गणिताची अशा दोन्ही चाचण्या करून घ्या. आठ वर्षांच्या आधी या अडचणीच्या सर्टिफिकेटची घाई करत नाहीत, तुमचा तर दहा-अकराचा असेल. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा, मुंबईला कुणी नातेवाईक असतील तर सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलमध्ये यासाठी वेगळं क्लिनिक आहे. शिवाय तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, ते शाळेत येऊन मुलाला बघू शकतात, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.

तपासणी होईपर्यंत थांबू नका. बाईंना भेटा, तुम्ही एकट्या जा, वही घेऊन जा. म्हणा, बाई हा तोंडी सगळं सांगतो आणि लिहिताना असं होतं, तुम्हाला वर्गात काय दिसतं? आणि मागायचं ते नेमकं मागा : पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरचं अर्धंच उतरवायचं, बाकीचा फोटो तुम्ही घ्याल, आणि आठवड्यातून एकदा तोंडी प्रश्न. एवढं कुठलीही शिक्षिका करू शकते. मिस्टरांनी जे शब्द वापरले त्याबद्दल त्यांनी बाईंची माफी मागावी असं मला स्पष्ट वाटतं, मारण्याची तक्रार मात्र मागे घ्यायची नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच घरातून दोन्ही होऊ शकतात.

पाचवीचं म्हणाल तर हो, पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, पण नापास झाला तरी जादा मार्गदर्शन करून पुन्हा परीक्षा घेतात, शाळेतून काढता तर येतच नाही. शाळा बदलायची तर तपासणी पूर्ण झाल्यावर बदला, नाहीतर नव्या बाईही दोन महिन्यांत आळशीच म्हणतील.

प्रश्न : मी नववीची वर्गशिक्षिका, ठाणे जिल्हा. वर्गात एक मुलगी आहे, वाचताना ओळच्या ओळ गाळते, गणितात अंक उलटे लिहिते. पालकांना बोलावून तपासणी करा म्हटलं तर वडील भडकले, 'माझ्या पोरीला वेडी ठरवता का, तुम्ही दोन फटके द्या, आमची काही हरकत नाही, पण पास करा.' वर्गात पासष्ट मुलं, त्यात इलेक्शनची ड्यूटी. मी किती करू?

उत्तर : बाई, तुमच्यासारखी शिक्षिका हे ओळखते हेच मोठं आहे, पासष्टांत ते दिसणं सोपं नाही. ड्यूटीला नाही म्हणता येत नाही, कायद्यानेच इलेक्शनचं काम शिक्षकांवर टाकलंय, म्हणून तुम्ही एकटीने सगळं ओढू नका, मुख्याध्यापकांना लेखी कळवा म्हणजे ती शाळेची जबाबदारी होते. फटक्यांची परवानगी वडिलांनी दिली तरी ती त्यांनी द्यायची गोष्टच नाही, हे शांतपणे एकदा सांगून टाका.

वेडी हा शब्द त्यांच्या मनातल्या भीतीतून आलाय, आजूबाजूचे काय म्हणतील, उद्या लग्न कसं जमेल. म्हणून 'तपासणी'पासून सुरुवात करू नका. तिला काय चांगलं येतं ते आधी सांगा, आणि आईला बोलवा, बहुतेक आईला दुसरीपासून माहीत असतं, घरात बोलायची सोय नसते. मग बोर्डाच्या सवलतींवर या. अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखन-गणितातली अडचण, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि सर्टिफिकेट असेल तर दहावीला जादा वेळ मिळतो, गरज असल्यास लेखनिक मिळतो, स्पेलिंगच्या चुका धरत नाहीत. पासचं नाव काढलं की वडील ऐकून घेतील, त्यांना तेच हवंय. तारखा मिळायला वेळ लागतो, चाचण्यांसाठी दोन-तीन फेऱ्या होतात, मग शाळेमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव जातो, तेव्हा हे सगळं दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू करायला सांगा. दहावीचा फॉर्म भरायच्या आठवड्यात धावत आलेल्या पालकांसाठी फारसं काही करता येत नाही.