‘सर, हँडशेकला दोन निरोप पुरले नसते का?’

इंजिनिअरिंगच्या ओरल्सचं (तोंडी परीक्षेचं) वेळापत्रक लागलं की माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय बहुतेकांनी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या तयार उत्तरांवर निभवायचं ठरवलेलं असतं, आणि ते निभतंही. एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) ‘का?’ विचारलं की मात्र घसरगुंडी सुरू होते. म्हणून या वेळी ‘का’वालेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : इंटरनेट टीसीपी/आयपीवर चालतं, मग ओएसआयचे सात थर कशाला शिकायचे?
– टीई (तिसरं वर्ष) कॉम्प्युटर, धनकवडी

उत्तर : मार्कांसाठी शिकून टाक. गंमत तारखांत आहे. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने जुना प्रोटोकॉल (कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायचे नियम) सोडून टीसीपी/आयपी घेतला तो १ जानेवारी १९८३ला. ओएसआयचा, म्हणजे नेटवर्कचं काम सात थरांत वाटणारा, आराखडा आंतरराष्ट्रीय मानक म्हणून छापून आला १९८४मध्ये. म्हणजे बिऱ्हाडं राहायला आली आणि नकाशा नंतर मंजूर झाला. पुण्यात हे कुणाला समजावून सांगायला लागू नये. त्यामुळे टीसीपी/आयपीचा प्रत्येक भाग त्या सात खणांत नीट बसत नाही. टीएलएस (डेटा सांकेतिक करून पाठवणारा प्रोटोकॉल) नेमकं कुठल्या थरात, यावर दोन प्राध्यापकांत जुंपवून देता येते. टिकली ती भाषा. ‘लेयर टूचा स्विच’, ‘लेयर सेव्हनला अडतंय’ असं कामावर रोज बोलतात, तेवढ्यासाठी सात नावं माहीत हवीत.

प्रश्न : सबनेटिंग डोक्यात शिरतच नाही. सूत्र पाठ आहे, गणित चुकतं.
– टीई आयटी, वारजे

उत्तर : सबनेटिंग म्हणजे पत्त्यांचा मोठा गठ्ठा लहान गठ्ठ्यांत तोडणं. सूत्र बाजूला ठेव, पिनकोड घे. ४११०३८ म्हणजे कोथरूड. नागपुरात पत्रांची छाननी करणाऱ्याला ०३८शी देणंघेणं नसतं. ४११ दिसलं की पत्र पुण्याच्या थैलीत. कोथरूड की सदाशिव पेठ, हे पुण्यात आल्यावर बघायचं. राउटर हेच करतो. पत्त्याचा पुढचा भाग बघून डेटाचं पाकीट (पॅकेट) पुढे ढकलतो, मागच्या भागाची काळजी पलीकडचा करतो. फरक एवढाच की पिनकोड अंकाच्या सांध्यावर तुटतो आणि आयपी पत्ता हव्या त्या बिटवर. /२६ म्हणजे ३२पैकी पहिले २६ बिट हे ‘४११’, उरलेले ६ घरातले. सहा बिटांत ६४ पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम हाक मारायचा), वापरायला ६२.

आता गणित. तुझ्याकडे १९२.१६८.१०.०/२४ (म्हणजे शेवटचा आकडा ० ते २५५, असे २५६ पत्ते) आहे आणि चार लॅब आहेत : ५०, ५०, २५ आणि १० कॉम्प्युटरच्या. मोठ्यापासून सुरुवात कर. ५०ला ६४चा गठ्ठा : ० ते ६३. दुसऱ्या ५०ला ६४ ते १२७. २५ला ३२चा गठ्ठा : १२८ ते १५९. १०ला सोळाचा : १६० ते १७५. पुढचे ८० पत्ते अजून शिल्लक. उलट्या बाजूने, म्हणजे १०पासून सुरू केलंस, तर ० ते १५ गेले आणि पुढचा ३२चा गठ्ठा १६पासून सुरूच होऊ शकत नाही. गठ्ठा आपल्या आकाराच्या पटीतच सुरू होतो, म्हणून तो ३२वर जाणार आणि मधले सोळा पत्ते लटकणार. विद्यार्थी चुकतात ते बहुधा इथेच.

आणि एक सापळा. पेपरात ‘३० कॉम्प्युटर’ आलं की वर्गातले निम्मे आनंदाने /२७ लिहितात, कारण ३२ उणे २ म्हणजे ३०. त्या लॅबच्या राउटरला पत्ता कोण देणार? तो एकतिसावा. अशी सोय करून दिलेला पेपर मी स्वतः काढलाय, तेव्हा सावध राहा.

१९९३पूर्वी पत्ते वाटताना हा हवा तिथे तोडण्याचा प्रकार नव्हता, ठरावीक मापांचे गठ्ठेच मिळत. क्लास सी घेतला तर २५६ पत्ते, क्लास बी घेतला तर थेट ६५,५३६. तीनशे कॉम्प्युटर असलेल्या कॉलेजाने काय करायचं? उधळपट्टी त्यातून झाली.

प्रश्न : टीसीपीचा हँडशेक (कनेक्शन सुरू करतानाची बोलणी) तीन निरोपांचाच का? दोन पुरले नसते का? एक्स्टर्नलने विचारलं आणि मी गप्प.
– टीई कॉम्प्युटर, कात्रज

उत्तर : ‘हॅलो, ऐकू येतंय का’ हे फोनवरचं उदाहरण सांगितलं असशील. ते विसर. दोन्ही बाजू आपापल्या बाइट्सना क्रमांक देतात आणि सुरुवातीचा आकडा प्रत्येकजण आपला निवडतो. तो आकडा समोरच्याला कळवायचा आणि ‘कळला’ ही पोच घ्यायची, म्हणजे प्रत्येक बाजूचे दोन निरोप. हिशेबाने ते चार झाले. पण समोरच्याची पोच आणि त्याचा स्वतःचा आकडा एकाच पाकिटात बसतात, म्हणून तीन. ‘तीन का’पेक्षा ‘चाराचे तीन कसे’ हे सांगितलंस तर एक्स्टर्नल खूश होतो.

दोनवर थांबलो तर काय बिघडेल? एखादा जुना, वाटेत रेंगाळलेला कनेक्शनचा निरोप सर्व्हरकडे उशिरा पोचला, तर सर्व्हर होकार देऊन कनेक्शन उघडून बसेल, समोर कुणी नसताना. तिसऱ्या पावलाच्या वेळी पहिल्या बाजूला ‘हा माझा नव्हे’ म्हणून ते मोडता येतं.

प्रश्न : सॉकेट प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटमध्ये फाइल पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला. लॅबमध्ये १० एमबीची फाइल एक-दोन सेकंदांत जाते. तोच प्रोग्रॅम अमेरिकेतल्या क्लाउड सर्व्हरवर चालवला तर दहा मिनिटांवर लागतात. घरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे. सर्व्हर स्लो आहे का?
– टीई आयटी, बिबवेवाडी

उत्तर : तू कोड पाठवलास म्हणून बरं झालं. सर्व्हर बिचारा रिकामा बसलाय. तू ४,०९६ बाइट पाठवतोस, समोरून ‘ओके’ येईपर्यंत थांबतोस, मग पुढचे ४,०९६. तुळशीबागेतून डिनर सेट घ्यायचा आणि एकेक वाटी कोथरूडला घरी ठेवून पुन्हा तुळशीबागेत यायचं, तशातला प्रकार. रस्ता कितीही रुंद केला तरी खेपा तेवढ्याच.

आकडे मांडू. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेचा पूर्व किनारा इथून सरळ रेषेत सुमारे १३ हजार किलोमीटर, म्हणजे नुसतं जाऊन यायला १३० मिलिसेकंद. तारा सरळ रेषेत नसतात, वाटेत राउटर असतात, त्यामुळे तुझ्या पिंगमध्ये (जाऊन-येण्याचा वेळ मोजणाऱ्या आज्ञेत) २५० दिसले. दहा एमबीचे ४,०९६ बाइटचे २,५६० तुकडे होतात. प्रत्येकी पाव सेकंद : ६४० सेकंद. तुझी दहा मिनिटं सापडली. लॅबमध्ये जाणं-येणं मिलिसेकंदाच्याही आत, म्हणून तिथे चूक लपली.

उपाय सोपा आहे. मधलं ‘ओके’ काढून टाक. पोच घेण्याचं काम टीसीपी करतोच, आणि तो प्रत्येक तुकड्यापाशी अडून राहत नाही, खिडकीभर, म्हणजे पोच यायच्या आधी जेवढा पाठवायला परवानगी आहे तेवढा, डेटा एकदम सोडतो. मूळ टीसीपीत ही खिडकी सांगायला १६च बिट होते, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. पाव सेकंदाच्या वाटेवर तेवढ्याने जेमतेम २ एमबीपीएस मिळतात. तुझी १००ची लाइन भरायला ३१ लाख बाइट वाटेत असायला हवेत. म्हणून १९९२मध्ये खिडकी मोठी करण्याची सोय आली.

‘मग सगळंच एकदम का ओतू नये?’ असं विचारशील. १९८६मध्ये ते घडून गेलंय. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ, अंतर ४०० यार्ड. त्या जोडणीवरचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. हजार गेले, नुसते ४०. पाकिटं गर्दीत हरवत होती, हरवली म्हणून पुन्हा पाठवली जात होती आणि त्याने गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८च्या निबंधात यावर तोड मांडली : हळू सुरू करा, पोच येत जाईल तसं वाढवा, पाकीट हरवलं की हात आखडा. सिलॅबसमधला ‘स्लो स्टार्ट’ तिथून लोकांपुढे आला.

प्रश्न : ट्रेसरूटमध्ये (वाटेतले राउटर दाखवणाऱ्या आज्ञेत) मधेच तीन तारे (* * *) येतात. तिथे लाइन तुटलेली असते का?
– एसई, निगडी

उत्तर : ताऱ्यांच्या पुढच्या ओळी येताहेत ना? मग तुटलेली नाही. त्या राउटरने उत्तर दिलं नाही, एवढंच. पुष्कळ ठिकाणी मुद्दाम गप्प ठेवतात.

प्रश्न : मुलगी टीईला आहे. क्लासवाले म्हणतात, नेटवर्किंगचा वेगळा कोर्स केल्याशिवाय हिंजवडीत कुणी उभं करणार नाही. फी भरू का?
– एक आई, सिंहगड रोड

उत्तर : ताई, महिनाभर थांबा. वायरशार्क (गेलेली-आलेली पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे. ते तिला तिच्याच लॅपटॉपवर चालवू द्या. होस्टेलच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर दुसऱ्यांची पाकिटं पकडायला जाऊ नये, हे मात्र बजावा. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं आणि काय काय गेलं-आलं ते ओळीने वहीत लिहायचं. आधी डीएनएसचा प्रश्न (‘या नावाच्या साइटचा आयपी पत्ता काय?’), मग वर म्हटलेले हँडशेकचे तीन निरोप. रोज अर्धा तास. महिन्याने तिला याचा कंटाळा आलेला असेल तर फी वाचली. रात्री जेवायला हाक मारूनही ती उठत नसेल, तर कोर्सचा विचार करा.

तिला एक निरोप द्या. काही साइट्सवर ते तीन निरोप सापडणारच नाहीत, यूडीपीची (हँडशेक न करता, पोच न घेता पाकिटं सोडणाऱ्या प्रोटोकॉलची) ४४३ पोर्टवरची पाकिटं दिसतील. लॅपटॉप बिघडलेला नाही. तो क्विक नावाचा प्रोटोकॉल आहे, २०२१मध्ये प्रमाणित झालेला. त्यात हँडशेक आणि टीएलएसची बोलणी एकाच फेरीत उरकतात. एक्स्टर्नलने ‘यूडीपी कुठे वापरतात?’ विचारलं तर व्हिडिओ कॉलच्या आधी हे सांग म्हणावं.