लायटरने हूटर वाजला, म्हणजे डिटेक्टर ठीक?

प्रश्न : कारखान्याच्या कँटीनमागे एलपीजीची मॅनिफोल्ड रूम (सगळे सिलिंडर एका पाइपला जोडलेली खोली) आहे. तिथला डिटेक्टर पेलिस्टरचा (गरम मण्यावर गॅस जाळून मोजणारा सेन्सर), ० ते १०० टक्के एलईएल (हवेत गॅस पेट घेऊ शकेल असं किमान प्रमाण म्हणजे १०० टक्के). दर महिन्याला लायटरचा गॅस सोडून बघतो, हूटर वाजतो. यंदा कॅलिब्रेशनला मिथेनची ५० टक्के एलईएलची बाटली लावली, तर आकडा ३४ च्या पुढे सरकेना. स्पॅन (ठरलेल्या गॅसवर दिसणारा आकडा जुळवायचं ॲडजस्टमेंट) वाढवून ५० वर आणला. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. आणि तो लायटर आधी बाजूला ठेवा. त्यातला ब्यूटेन थेट तोंडाशी सोडला की सेन्सरला एलईएलच्या कितीतरी पट गॅस मिळतो. अर्धमेला सेन्सरही त्यावर हूटर वाजवतो. २० टक्क्यांचा अलार्म २० लाच वाजेल का, हे त्यातून कळत नाही.

आता ३४ चं. बाटलीचं लेबल वाचा. मिथेनची एलईएल कुणी ५ टक्के धरतं, कुणी ४.४. त्यामुळे २.२ टक्क्यांची बाटली ५ च्या हिशेबाने ४४ च दाखवणार. मिथेनसोबत हवा हवी. नायट्रोजन असेल तर मण्याला गॅस जाळायला ऑक्सिजनच नाही. रेग्युलेटरचा प्रवाह मॅन्युअलप्रमाणे, बहुधा मिनिटाला अर्धा लिटर. तोंडावरची सिंटर चकतीही (गॅस आत जाऊ देणारी सच्छिद्र धातूची जाळी) बघा. एलपीजी जड, म्हणून डिटेक्टर जमिनीलगत. फरशी धुतानाचं पाणी आणि भिंतीचा रंग दोन्ही तिच्यावर बसतात.

हे सगळं ठीक निघालं तर मणी बहुधा पॉयझन झालाय, म्हणजे एखाद्या रसायनाने गॅस जाळण्याची त्याची ताकद मारलीय. सिलिकॉन सीलंट किंवा स्प्रे जवळपास वापरला होता का, विचारा. मिथेन जाळायला सगळ्यात अवघड, म्हणून त्याचा प्रतिसाद आधी जातो. ब्यूटेनला मात्र सेन्सर काही काळ साथ देतो. तुमचा लायटर इथेच फसवत होता. सेन्सर बदला. स्पॅन वाढवून घसरण थांबत नाही, उलट झिरोची चुळबूळही तितक्याच पटीने मोठी होते.

नवा बसवल्यावर मॅन्युअलमधला वॉर्म-अप पूर्ण होऊ द्या. पॅनलवर इनहिबिट टाका (अलार्मची पुढची कारवाई तात्पुरती रोखा), नाहीतर गॅस बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह पडून ऐन जेवणाच्या वेळी शेगड्या विझतील. झिरो बाटलीतल्या शुद्ध हवेवर घ्या. खोलीत बारीक गळती असेल आणि तिथल्याच हवेवर झिरो मारला, तर ती गळती कायमची लपली. मग स्पॅन गॅस, म्हणजे ती मिथेनची बाटली. आकडा स्थिरावल्यावरच ॲडजस्ट करा. सिग्नल ४ ते २० मिलिअँपियरचा असेल, तर आकडा ५० असताना पॅनलच्या टोकाला १२ मिलिअँपियर मिळायला हवेत. ॲडजस्ट करण्याआधीचा आकडाही रजिस्टरमध्ये लिहा, पुढच्या वेळी तोच कामाला येतो. शेवटी कॅलिब्रेशन कॅप (बाटलीचा गॅस देण्यासाठी तोंडावर बसवलेलं टोपण) काढा. ती तशीच राहिलेले डिटेक्टर कमी नाहीत.

प्रश्न : पण मिथेनवर लावलेला डिटेक्टर एलपीजी बरोबर दाखवेल का?

उत्तर : कमी दाखवेल. मॅन्युअलमध्ये गुणक असतो. समजा तो १.५ आहे, तर ५० टक्क्यांच्या मिथेनवर आकडा ७५ ला लावायचा. नाहीतर २० चा अलार्म प्रत्यक्षात ३० ला वाजेल.