मंत्र म्हणू द्या, पण गाडीत बसून

‘मामंजी विंचू उतरवतात. पैसा घेत नाहीत. मंत्राने विष उतरत नाही हे मला कळतं, पण लोकांना बरं वाटतं आणि गावात मामंजींचा मान त्यावरच आहे. खरं बोलून हे सगळं मोडू का?’
– एक सून, दापोली तालुका

ताई, लोकांना बरं वाटतं ते खोटं नाही. मोठ्या काळ्या इंगळीचं विष बहुतेक वेळा दंशाच्या जागेपुरतंच राहतं. ठणका काही तासांत आपसूक ओसरतो आणि श्रेय मंत्राला जातं. धीर आला की ठणका कमीही जाणवतो. एवढ्यासाठी मामंजींना खोटं पाडलंत तर हाती लागेल तो घरातला अबोला.

पण गवताच्या भाऱ्यात, जांभ्याच्या गडग्यात असतो तो लहान लाल विंचू. त्याचं विष थेट हृदयाला भोवतं, आणि ठणका थांबला म्हणून ते थांबत नाही. रडणारं पोर मंत्रानंतर गप्प झालं, सगळे म्हणाले ‘उतरला’, की त्याच्या तळव्यांना हात लावून बघा. तळवे थंडगार, अंगाला दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, म्हणजे विष भिनलंय. पुढे फुप्फुसात पाणी होऊन धाप लागते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी लागू पडते हे दाखवून दिलं. आता जोडीला प्रतिविषही देतात. दोन्हींचा उपयोग लवकर दिली तरच. अंगणात मंत्र चालू असताना गेलेला तास कुठून आणणार?

तेव्हा मंत्राला हात लावू नका, क्रम बदला. चारचौघांत नको, मामंजी एकटे असताना सांगा: “मामंजी, माणूस आला की आधी रिक्षा बोलावू. मंत्र तुम्ही वाटेत म्हणा.” घाम आणि तळवे तपासायचं काम त्यांच्याकडेच द्या; त्यांनी ‘दवाखान्यात चला’ म्हटलं तर गाव ऐकेल, तुमचं ऐकेलच असं नाही. दोरी आवळणं, ब्लेडने चिरणं मात्र आजपासून बंद.

ऐकलं नाही तर? मोठा माणूस असेल तर समजावत राहा. लहान मूल असेल तर सासऱ्यांचा मान बघत बसू नका, तोंडावर खरं सांगा आणि 108 लावा. गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून पेशंटला आडवंच ठेवतात. नातेवाइकांनी उठवून बसवू नये. आणि आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का, हे मिरगाच्या आधीच विचारून ठेवा.