बालीतली १८ आर जमीन आणि दिवंगत मित्राचं नाव

प्रश्न : वकीलसाहेब, मी इचलकरंजीचा. २००८ ते २०१९ इंडोनेशियात, पश्चिम जावातल्या एका सूतगिरणीत होतो. मेंटेनन्समधला एक बालीचा माणूस जिवलग मित्र झाला. त्याच्या गावी, तबानान जिल्ह्यात, दरवर्षी जाणं व्हायचं. २०१६ मध्ये त्याच्या चुलतभावाची १८ आर भातजमीन ६३ कोटी रुपियाला (तेव्हाचे आपले साधारण ३१ लाख) घेतली. पैसे माझे, नाव मित्राचं. एजंटाने इंग्रजीत पाच-सहा कागद करून दिले. मित्राने माझ्याकडून कर्ज घेतल्याचा एक, मुखत्यारपत्र, आणखी काही. मूळ सर्टिफिकेट माझ्या लॉकरमध्ये आहे. गेल्या वर्षी मित्र वारला. आता त्याचा भाऊ म्हणतो, जमीन वहिनीची आणि पुतण्याची, गिऱ्हाईक आलंय, विकणार. मला इथल्या कोर्टात दावा लावता येईल का? जकार्तातला दुसरा मित्र नाव द्यायला तयार आहे, त्याच्या नावावर करून घेऊ का? निवृत्तीनंतर तिथे राहायचं आणि तीन खोल्यांचा होमस्टे काढायचा, असा बेत होता.

उत्तर : आधी कडू औषध देतो. कायद्याच्या नजरेत ही जमीन तुमची कधीच नव्हती, आणि ती तुमची असल्याचं तुम्ही कोर्टात जितकं पक्कं सिद्ध कराल तितकं तुमचंच नुकसान होईल. दुसरं वाक्य विचित्र वाटेल, पण ते उमगल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा १९६० चा, क्रमांक ५. त्यात जमिनीवरच्या हक्कांच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची ‘हाक मिलिक’. हाक म्हणजे आपला हक्क, मिलिक म्हणजे आपली मालकी. दोन्ही शब्द अरबीतून तिथेही गेले, इथेही आले. कलम २१ प्रमाणे हा हक्क फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. कलम २६ चं दुसरं पोटकलम त्याच्याही पुढे जातं : परकी माणसाकडे थेट किंवा आडमार्गाने हाक मिलिक जावा म्हणून केलेला कोणताही व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि मालकाला दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

‘आडमार्गाने’ म्हणजे तुमचा गठ्ठा. तिकडे याला ‘पिंजाम नामा’ म्हणतात, नाव उसनं घेणं. एजंटाने तुम्हाला सांगितलं असेल की सगळे असंच करतात. करतात, खरंय. आपल्याकडेही शेतकरी दाखला नाही म्हणून मामाच्या नावावर शेत घेणारे मला दर महिन्याला भेटतात, आणि मामा गेल्यावर मामेभाऊ काय करतात तेही मी पाहतो. इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२० च्या १० क्रमांकाच्या परिपत्रकात खालच्या न्यायालयांना स्पष्टच लिहिलं आहे की पैसा परकी माणसाचा असला तरी सर्टिफिकेटवर ज्याचं नाव, तोच मालक.

आता गठ्ठ्यातला एकेक कागद घ्या. मुखत्यारपत्र मित्राच्या मृत्यूबरोबर संपलं. आपल्या करार कायद्यात तसंच आहे आणि त्यांच्या दिवाणी संहितेतही. ते ‘रद्द न होणारं’ असं लिहून घेतलं असेल तर आणखी वाईट, कारण जमिनीसाठी असं मुखत्यारपत्र करायला तिथे १९८२ पासूनच मनाई आहे. कर्जाचा कागद एकटा असता तर वारसांकडून कर्ज मागता आलं असतं. पण त्याच दिवशी, त्याच रकमेचा, त्याच जमिनीपोटी झालेला कागद न्यायाधीशाला पाच मिनिटांत कळतो. शिवाय कागद नुसते इंग्रजीत आहेत. इंडोनेशियन नागरिकाशी होणारा करार त्यांच्या भाषेत हवाच, असं २००९ चा त्यांचा भाषाविषयक कायदा सांगतो.

लॉकरमधलं सर्टिफिकेट हा पुरावा आहे, मालकी नव्हे. मात्र ते हरवू देऊ नका आणि रागाच्या भरात दडवूनही बसू नका. ते तुमच्याकडे असल्याचं वारसांना माहीत असताना त्यांनी ‘हरवलं’ म्हणून शपथेवर नवं काढलं तर तो गुन्हा होईल, पण त्या गुन्ह्याची फिर्याद देताना ‘तुमच्याकडे ते कसं आलं?’ हा पहिला प्रश्न तुम्हालाच येईल.

इचलकरंजीतल्या दाव्याचं थोडक्यात सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे जमिनीचा दावा जमीन असेल तिथेच. बालीतल्या शेतावर आपल्या कोर्टाला अधिकार नाही, आणि तिथल्या कोर्टात उभं राहायला तिथलाच वकील लागतो. कोर्टफीचे पैसे वाचवा.

जकार्तातल्या मित्राचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. एक तर तीच चूक दुसऱ्यांदा, तीही डोळे उघडे ठेवून. दुसरं म्हणजे, १९६१ च्या त्यांच्या जमीन पुनर्वाटप नियमांमुळे शेतजमिनीचा मालक त्याच किंवा लगतच्या कचामातानमध्ये, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यात, राहणारा असावा लागतो. गैरहजर जमीनदार नकोत, हा हेतू. जकार्तावाल्याला तबानानचं भातखाचर घेताच येत नाही.

मग हातात काय आहे? माझ्या मते एकच गोष्ट : त्या घराशी अकरा वर्षांची ओळख. वहिनींना आणि मुलाला ठाऊक आहे की पैसे कोणी दिले. तुम्ही स्वतः जा. भावाशी फोनवर हुज्जत घालू नका, वारस तो नाही. बाली हिंदूंमध्ये वारसा परंपरेने मुलग्याकडे चालतो, त्यामुळे पुतण्याची सही सगळ्यात मोलाची. तो अल्पवयीन असेल तर कोर्टाची परवानगी लागेल का, ते नोतारिसला विचारा. नोतारिस म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नोटरी नव्हे. तो कायदा शिकलेला, सरकारने नेमलेला अधिकारी असतो. तिथले महत्त्वाचे दस्त त्याच्याकडेच होतात. एजंटाने सुचवलेला घेऊ नका, स्वतः शोधा.

पण वारसांकडे जाण्याच्या आधी एक काम : त्या १८ आरचा नियोजन आराखड्यातला रंग बघा. (तिथलं ‘आरे’ आणि आपल्या सातबाऱ्यावरचं ‘आर’ एकच, १०० चौरस मीटर, म्हणजे तुमची जमीन जवळजवळ १८ गुंठे.) भातशेती वाचवण्यासाठी तिथे २००९ चा ४१ क्रमांकाचा कायदा आहे आणि संरक्षित खाचरांवर बांधकाम होत नाही. तबानान म्हणजे बालीचं भाताचं कोठार. पाणी वाटून घेणाऱ्या ‘सुबाक’ संस्था तिथे शतकानुशतकं चालल्यात. त्यातल्या जातिलुवी परिसराची पायऱ्यांची शेतं २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. तुमचं खाचर त्या हिरव्या पट्ट्यात असेल तर होमस्टे विसरा, आणि भाऊ सांगतोय त्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट माहीत आहे का, हेही जरा बघा. बरेचदा अशी गिऱ्हाइकं आराखडा पाहिला की गायब होतात.

रंग बांधकामाचा निघाला, तर मार्ग भाडेपट्ट्याचा. परकी माणसाला बांधकामासाठी जमीन भाड्याने घेता येते; त्याच १९६० च्या कायद्यात कलम ४४ आणि ४५ त्यासाठीच आहेत. आधी वारसांनी स्वतःच्या नावे वारसनोंद करून घ्यायची. सर्टिफिकेट तुम्ही त्यासाठीच त्यांच्या हाती द्यायचं, नोतारिससमोर, पावती घेऊन. मग त्यांच्याकडून २५ वर्षांचा नवा भाडेपट्टा, इंडोनेशियन भाषेत, सगळ्या वारसांच्या सह्यांनिशी, मुदत वाढवण्याची अट आणि जमीन विकली तरी भाडेपट्टा टिकेल हे कलम लिहून. त्यांच्या दिवाणी संहितेतही विक्रीने भाडेकरार तुटत नाही असंच तत्त्व आहे, तरी लिहाच. भाडं नव्याने ठरवा, थोडं का असेना पण खरं द्या, आणि त्यावरचा १० टक्के अंतिम कर भरल्याची पावती ठेवा. ‘२०१६ चे पैसे हेच भाडं’ असं दस्तात लिहायचा मोह होईल. लिहू नका. जुना व्यवहार नव्या कागदात आणला की नवा कागदही नासतो.

जमीन हिरवी निघाली, किंवा वारसांना विकायचीच असेल, तर विकू द्या. कायदा तुम्हाला पैसे मागू देत नाही, पण त्यांनी आपखुशीने दिले तर घ्यायला बंदी नाही. तडजोडीचा दस्त नोतारिसकडे करून, किमतीचा ठरावीक भाग विक्रीच्या दिवशीच मिळेल अशी बोली करा. माझा सल्ला विचाराल तर निम्मे मिळत असतील तरी हात मिळवून या.

होमस्टेबद्दल. व्हिसा ऑन अरायव्हल ३० दिवसांचा, एकदा वाढून ६० दिवसांचा. बोलणी करायला तेवढा पुरतो. पण त्यावर राहून पाहुण्यांना खोल्या द्याल तर परवान्याचा गैरवापर होतो. त्यांच्या २०११ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम १२२ मध्ये ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० कोटी रुपियापर्यंत दंड आहे. रीतसर धंदा करायचा तर परकी भांडवलाची कंपनी काढावी लागते, आणि तिला सर्वसाधारणपणे जमीन-इमारत सोडून १० अब्ज रुपियाहून अधिक गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे आपले पाच कोटींहून जास्त. तीन खोल्यांसाठी हे परवडणारं नाही. छोटे धंदे त्यांनी मुद्दाम स्थानिकांसाठी राखलेत. होमस्टे वहिनींच्या आणि मुलाच्या नावावर, त्यांच्या परवान्यावर, त्यांच्या मालकीचा होऊ शकतो. तुम्ही तिथे पाहुणे. पटतंय का बघा.

गावाची बाजूही विसरू नका. बालीत सरकारी गाव वेगळं आणि परंपरेचं गाव, ‘देसा आदात’, वेगळं. परंपरेच्या गावाचे लिखित नियम असतात आणि वस्तीची पंचायत, ‘बांजार’, ते पाळून घेते. तुमच्या भाडेपट्ट्याला बांजारच्या प्रमुखाचा विरोध असेल तर दस्त कितीही पक्का असो, तिथे सुखाने राहता येणार नाही. वहिनींना सोबत घेऊन त्यांना भेटा.

शेवटी इथलं काम. पैसे तुम्ही तिकडे नोकरीत असताना तिकडच्याच पगारातून दिले, त्यामुळे फेमाखाली, म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्याखाली, त्याबद्दल मला चिंता वाटत नाही. पगाराच्या स्लिप आणि बँकेचे उतारे शोधून ठेवा. नवं भाडं इथून पाठवाल तेव्हा वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापते, जो विवरणपत्रात वळता होतो. खरी चिंता शेड्यूल एफएची, म्हणजे आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्याची. परतल्यानंतर तुम्ही पूर्ण अर्थाने निवासी झालात त्या वर्षापासून परदेशी मालमत्ता तिथे दाखवायला हवी होती. ‘नाव माझं नव्हतंच’ हा बचाव इथे चालत नाही, कारण ज्याने पैसा दिला त्यालाच आपला आयकर कायदा लाभधारक मालक मानतो. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. गंमत अशी की तिकडे तुम्ही मालक नाही आणि इकडे आहात. तिकिटं काढण्याआधी परदेशी मालमत्तेची प्रकरणं हाताळणाऱ्या सीएकडे बसून मागच्या विवरणपत्रांचं काय करायचं ते ठरवा, आणि तो सांगेपर्यंत त्या पाच-सहा कागदांतला एकही फाडू नका.